मराठी विकसकाच्या दृष्टीतून ॲण्ड्रॉइड : भाषेचा विस्तार आणि मोकळिकीचा संकोच

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा विजेत्याच्या सोयीने लिहिला जातो. भ्रमणध्वनीच्या कार्यप्रणालींचा, म्हणजेच मोबाइल ऑपरेटिंग सिस्टीम्सचा, इतिहासही त्याला अपवाद नाही. ॲण्ड्रॉइडसंबंधीच्या लेखनात आवृत्त्यांची यादी असते, २००९ पासून २०१८ पर्यंतच्या आवृत्त्यांना दिलेली मिठाईची नावे असतात, आणि प्रत्येक आवृत्तीने वापरकर्त्याला कोणती नवी सुविधा दिली याचे वर्णन असते. या वर्णनात वापरकर्ता दिसतो आणि कंपनीही दिसते. परंतु या दोहोंच्या मध्ये उभा राहून अ‍ॅप घडवणारा विकसक मात्र दिसत नाही. तो मराठी असेल, आणि मुंबई-पुण्याऐवजी छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड किंवा धाराशिव येथील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून येत असेल, तर त्याची नोंद कोठेच होत नाही.

प्रस्तुत लेखात ॲण्ड्रॉइडच्या वाटचालीकडे या विकसकाच्या जागेवरून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. २००८ ते आजपर्यंतच्या काळात मराठीत अ‍ॅप तयार करणे सोपे झाले की अवघड, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. त्याचे उत्तर मात्र एकेरी नाही. भाषेच्या बाजूने पाहिले तर ते उत्तरोत्तर सोपे होत गेले आहे. मोकळिकीच्या बाजूने पाहिले तर अवघड. या दोन प्रवाहांची दिशा परस्परविरुद्ध आहे, आणि आपल्याकडील चर्चेत पहिल्याच्या आनंदात दुसऱ्याचा विसर पडतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पार्श्वभूमी

ॲण्ड्रॉइड इन्कॉर्पोरेटेड ही कंपनी २००३ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली आणि २००५ मध्ये गुगलने ती विकत घेतली. नोव्हेंबर २००७ मध्ये ओपन हँडसेट अलायन्सची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात विकसकांसाठीचा साधनसंच खुला करण्यात आला. सप्टेंबर २००८ मध्ये पहिली आवृत्ती आली. लिनक्सचा गाभा, जावा भाषेत लिहिता येणारी अ‍ॅप्स, मुक्त आज्ञावली आणि २५ डॉलर एवढे एकरकमी नोंदणीशुल्क, या चार गोष्टींमुळे ही प्रणाली भारतातील विद्यार्थ्यांना जवळची वाटली. संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात जावा शिकवली जातच होती. एक्लिप्स हे साधन विनामूल्य होते आणि प्रयोगशाळेतील सामान्य संगणकावर चालत होते. शिकण्यापासून करण्यापर्यंतचे अंतर कमी होते, हे ॲण्ड्रॉइडच्या आरंभकाळाचे वैशिष्ट्य म्हणून नोंदवले पाहिजे.

येथे एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘ॲण्ड्रॉइड’ हे नाव मराठीत लिहायचे तर त्याचे पहिलेच अक्षर ‘ॲ’ हे आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांकासह समाविष्ट झाले ते ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्येच. तोपर्यंत ‘अ’ला चंद्र जोडून ते लिहिले जाई, आणि आजही अनेक कळफलकांवरून तसेच उमटते. वाचणाऱ्याला दोन्ही रूपे एकच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमांनीही ते एक होत नाहीत. त्यामुळे शोधपेटीत एका रीतीने लिहिलेला ‘ॲप’ दुसऱ्या रीतीने साठवलेल्या ‘अ‍ॅप’पर्यंत पोहोचत नाही, आणि त्यांची गाठ घालून देण्याचे काम विकसकाला स्वतः करावे लागते. मराठी विकसकाचे काम इंग्रजी विकसकाच्या कामापेक्षा कोठे आणि का वाढते, याचे हे पहिले उदाहरण होय.

भाषेचे ओझे : २००८ ते २०१३

आरंभीच्या आवृत्त्यांत देवनागरीसाठी पुरेशी व्यवस्था नव्हती. मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत, किंवा अक्षरे उमटली तरी जोडाक्षरे मोडून पडत. ‘शक्ती’ हा शब्द पाय मोडलेल्या ‘क’सह दिसे आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाई. देवनागरीत संकेतांकांचा क्रम आणि दृश्य अक्षरांचा क्रम सारखा नसतो. ‘कि’ लिहिताना वेलांटी नंतर येते, परंतु दिसते आधी. संकेतांकांच्या ओळीतून अक्षराची आकृती घडवणारे यंत्रणेचे अंग असल्याखेरीज ही लिपी उमटत नाही. ॲण्ड्रॉइडमध्ये देवनागरीसाठी ते २०११ मधील ४.० या आवृत्तीच्या सुमारास आले.

मधल्या तीन-चार वर्षांत मराठी विकसकासमोर जे मार्ग होते ते सगळेच तडजोडीचे होते. मजकूर चित्ररूपात द्यावा, तर त्यात शोध घेता येत नसे. जुन्या संगणकीय टंकांच्या पद्धतीने इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी तुकडे बसवावेत, तर तो मजकूर दुसरीकडे निरुपयोगी ठरे. महाराष्ट्रातील छपाईच्या व्यवसायाने ही दुसरी तडजोड पूर्वीच अनुभवली होती. प्रत्येक टंकाचा स्वतःचा संकेत, आणि एका कार्यालयातील मजकूर दुसऱ्या कार्यालयात वाचता न येणे, हा अनुभव कोणत्याही महाविद्यालयाच्या नियतकालिकाच्या संपादकाला नवा नाही. वस्तुतः १९९१ मध्येच भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक तयार झाले होते आणि पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणात मोलाचे काम केले होते. तरीही नव्या उपकरणावर सारे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून उभे राहिले. मानक असणे आणि ते बाजारातील यंत्रात उतरणे यांत केवढे अंतर असते, हे यावरून स्पष्ट होते.

प्रश्न केवळ दिसण्याचा नव्हता. ‘क्षितिज’ या शब्दात मराठी वाचक तीन अक्षरे मोजतो, तर यंत्र सात संकेतांक मोजते. नावाच्या रकान्याला वीस ‘अक्षरां’ची मर्यादा घालणारा विकसक नकळत मराठी नावाला निम्मीच जागा देतो. लघुसंदेशात इंग्रजीला १६० वर्णांची जागा मिळते, देवनागरीला ७०. अनुक्रम लावण्याची बाबही अशीच आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी येतात. युनिकोडच्या संकेतांकांप्रमाणे क्रम लावला तर ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो आणि ‘क्ष’ हा ‘क’च्या कुटुंबात जाऊन बसतो. मराठीचा क्रम हवा असेल तर विकसकाला भाषानिष्ठ क्रमवारीचे वेगळे साधन वापरावे लागते. तसे साधन आहे, हे ठाऊक असणे ही त्याची पहिली अट. अभ्यासक्रमातील उदाहरणे इंग्रजी नावांचीच असल्याने ही अट सहसा पूर्ण होत नाही.

मोकळिकीचे फळ : स्वरचक्र

या काळाला दुसरीही बाजू आहे. एप्रिल २००९ मधील १.५ या आवृत्तीने बाहेरच्या विकसकांना स्वतःचा कळफलक तयार करून तो संपूर्ण फोनवर लागू करण्याची मुभा दिली. ॲपलच्या आयओएसवर हीच मुभा मिळण्यासाठी सप्टेंबर २०१४ उजाडावे लागले. या साडेपाच वर्षांच्या अंतराचे महत्त्व मराठीच्या दृष्टीने मोठे आहे.

आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक याच मोकळिकीचे फळ होय. टंकलेखन यंत्रावरून आलेली कळांची मांडणी त्यांनी बाजूला ठेवली. व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडली आणि एखाद्या व्यंजनाला बोट लावताच त्याभोवती त्याच्या बाराखडीचे चक्र उमटेल अशी रचना केली. ‘क’वर बोट ठेवले की का, कि, की, कु, कू अशी रूपे भोवती दिसतात, आणि बोट ज्या दिशेला सरकवावे ते रूप लिहिले जाते. जोडाक्षरही चक्रातूनच साधते. प्राथमिक शाळेत पाटीवर बाराखडी गिरवलेल्या कोणाही मराठी माणसाला ही मांडणी शिकवावी लागत नाही. देवनागरीच्या अंतर्गत तर्काला यंत्राच्या रचनेत स्थान देणारे हे काम आहे.

येथे टीकात्म दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, स्वरचक्राच्या आधी ॲण्ड्रॉइड मराठी ‘जाणत’ होते असे नाही; ते मराठी जाणणाऱ्याला अडवत नव्हते, एवढेच. कार्यप्रणालीचे औदार्य तिच्यातील भाषांच्या संख्येवर मोजण्याची आपल्याला सवय आहे. परंतु ज्या भाषेचा विचार तिच्या निर्मात्याने केलेलाच नाही, त्या भाषेच्या माणसाला ती किती हालचाल करू देते, हा निकष अधिक खोलवरचा आहे.

प्रणाली मराठी शिकते : २०१४ ते २०२३

२०१४ मधील ५.० या आवृत्तीत इतर अनेक भाषांबरोबर मराठीचाही प्रणालीच्या भाषांत समावेश झाला. बंगाली, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू आणि नेपाळी या भाषाही याच आवृत्तीत आल्या. येथून पुढे भाषेचे ओझे विकसकाच्या खांद्यावरून क्रमाने उतरू लागले. २०१६ मधील ७.० या आवृत्तीत वापरकर्त्याला एकाहून अधिक भाषांची पसंती क्रमाने नोंदवता येऊ लागली. २०२२ मधील १३ व्या आवृत्तीत प्रत्येक अ‍ॅपसाठी वेगळी भाषा निवडण्याची व्यवस्था झाली. ज्याचा फोन इंग्रजीत आहे, पण ज्याला शेतीचे किंवा बातम्यांचे अ‍ॅप मराठीत हवे आहे, असा वापरकर्ता आपल्याकडे नेहमीचा आहे. त्याच्यासाठी विकसक आजवर आडवळणाच्या युक्त्या योजत होता, त्या अनावश्यक झाल्या.

२०२३ मधील १४ व्या आवृत्तीने व्याकरणिक लिंगाची दखल घेतली. गुगलच्या दस्तऐवजात याचे उदाहरण फ्रेंचचे दिले आहे. परंतु गरज मराठीची तितकीच आहे. ‘आपण यशस्वी झाला आहात’ आणि ‘आपण यशस्वी झाल्या आहात’ यांतील निवड इंग्रजी मजकुराच्या भाषांतरातून होत नाही. ती होत नाही म्हणून मराठी अ‍ॅप्समधून स्त्री वापरकर्तीला वर्षानुवर्षे पुल्लिंगी संबोधन मिळत राहिले, अथवा ‘नोंदणी यशस्वी’ अशा क्रियापदहीन तुटक वाक्यांचा आश्रय घेण्यात आला. शासकीय अ‍ॅप्सच्या मराठीला जी कृत्रिमता येते तिचे सारे खापर भाषांतरकारावर फोडता येत नाही; त्यातील काही वाटा यंत्राने आखून दिलेल्या चौकटीचाही आहे.

तरीही हा विस्तार पूर्ण नाही. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद ज्या अर्धचंद्राकार रफारावर अवलंबून आहे, तो युनिकोडमध्ये आहे. पण तो कोणत्या कळांच्या जुळणीने मिळतो हे सामान्य लेखकाला उमगेलच याची शाश्वती नाही. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची वळणे महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयात अभिप्रेत आहेत. टंकात ती वळणे असू शकतात. परंतु मजकुराची भाषा ‘मराठी’ आहे हे विकसकाने सांगितल्याशिवाय ती उमटत नाहीत. सांगितले नाही तर देवनागरीचे हिंदी वळण हेच मूळ वळण म्हणून पुढे येते. त्याचप्रमाणे, कळफलकाच्या शब्दसूचनांत प्रमाणरूपांचा भरणा असेल तर ‘करायलोय’, ‘जायलोय’ यांसारख्या मराठवाड्यातील रूपांना सूचनांत जागा मिळत नाही आणि लिहिणारा हळूहळू सुचवलेल्या रूपाकडे सरकतो. बोलीचे हे सपाटीकरण कोणाच्या आज्ञेने होत नाही, म्हणूनच ते ध्यानातही येत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या संदर्भात आणखी एक बाब महत्त्वाची आहे. वली आणि सिराज यांच्या या शहरात मराठीच्या शेजारी उर्दू नांदते. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीसाठी संपूर्ण पडद्याची मांडणी उलटवण्याची व्यवस्था २०१२ मधील ४.२ या आवृत्तीत आली. त्यानंतर एकाच आज्ञावलीतून मराठी आणि उर्दू अशी दोन्ही रूपे सिद्ध करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले. स्थानिक अ‍ॅप्समध्ये ते क्वचितच केले जाते, यात दोष प्रणालीचा नसून कल्पकतेचा आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परवानगीचे राज्य

ज्या वर्षांत भाषेचे ओझे उतरत होते, त्याच वर्षांत दुसरे ओझे चढत होते. २०१५ मधील ६.० या आवृत्तीपासून संवेदनशील बाबींची परवानगी अ‍ॅप चालू असताना वापरकर्त्याकडे मागावी लागू लागली. २०१७ मधील ८.० ने पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामांवर मर्यादा आणल्या. २०१९ आणि २०२० मधील १० व ११ या आवृत्त्यांनी फोनमधील साठवणीवर अ‍ॅपला असलेला मुक्त संचार संपवला. २०१८ पासून प्ले स्टोअरवर नव्या आवृत्तीशी जुळवून घेतल्याखेरीज अ‍ॅप प्रसिद्ध करणे किंवा अद्ययावत करणे अशक्य झाले. यांतील बहुतेक बदल वापरकर्त्याच्या हिताचे आहेत. त्याच्या नकळत त्याचे संपर्क, संदेश आणि ठावठिकाणा गोळा करणाऱ्या अ‍ॅप्सचा अनुभव घेतल्यानंतर या निर्बंधांना विरोध करणे न्याय्य ठरणार नाही.

प्रश्न उरतो तो या बदलांच्या गतीचा आणि त्यांच्या गृहीतकांचा. ‘ई-पीक पाहणी’ हे अ‍ॅप या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ते राज्यभर लागू केले. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाची नोंद करावी, छायाचित्र काढावे आणि ती नोंद सातबाऱ्यावर यावी, ही त्यामागील कल्पना होती. पीकविमा, नुकसानभरपाई आणि शासकीय खरेदी यांच्याशी पिकाच्या नोंदीचा संबंध असल्याने मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने हे अ‍ॅप चैनीचे नाही. त्याच वर्षी आलेल्या १२ व्या आवृत्तीने वापरकर्त्याला आपले स्थान ‘अचूक’ द्यावे की ‘अंदाजे’ द्यावे, अशी निवड दिली. अंदाजे स्थान म्हणजे सुमारे तीन चौरस किलोमीटरचा परिसर. शहरातील माणसाच्या खासगीपणाचे रक्षण करणारी ही सोय आहे. परंतु दोन एकरांच्या तुकड्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याने सावधपणे ‘अंदाजे’ निवडले, तर गट क्रमांकाशी त्याचे स्थान जुळवणे अशक्य होते. विकसकाला याची पूर्वसूचना अ‍ॅपमध्ये मराठीत द्यावी लागते, चुकीची निवड झाली तर पुन्हा विचारावे लागते, आणि जुन्या व नव्या अशा दोन्ही प्रकारच्या फोनवर ते वेगवेगळ्या रीतीने करावे लागते. बांधावर संपर्क नसतो, फोन जुना असतो, आणि बरेचदा तो मुलाचा किंवा शेजाऱ्याचा असतो. प्रणालीच्या रचनेतील ‘वापरकर्ता’ मात्र एक फोन, एक खाते आणि अखंड जाळे असलेला मनुष्य आहे. या दोन माणसांतील अंतर भरून काढणे हेच ग्रामीण भागासाठी काम करणाऱ्या विकसकाचे खरे श्रम होत. त्यांची गणना कोणत्याही दस्तऐवजात होत नाही.

इंडस : एका मराठी-भारतीय प्रयत्नाचे मूल्यमापन

या प्रश्नाचे मूळ ओळखून प्रणालीच्याच पातळीवर उत्तर देण्याचा सर्वांत लक्षणीय प्रयत्न मुंबईत झाला. आयआयटी मुंबईतून शिकलेल्या राकेश देशमुख, आकाश डोंगरे आणि सुधीर बी. यांनी प्रथम ‘फर्स्टटच’ आणि नंतर ‘इंडस ओएस’ या नावाने ॲण्ड्रॉइडच्या मुक्त आज्ञावलीवर आधारलेली कार्यप्रणाली घडवली. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या युनाइट ३ या फोनवर ती आली. पुढे कार्बन, इंटेक्स आदी भारतीय कंपन्यांच्या फोनवरही गेली. बोट सरकवताच मजकुराचे भाषांतर किंवा लिप्यंतर करण्याची सोय, भारतीय भाषांचा एकत्रित कळफलक, आणि ईमेल खात्यावाचून अ‍ॅप घेता येईल असे ‘अ‍ॅप बझार’ ही तिची वैशिष्ट्ये होती. खरेदीची रक्कम फोनमधील शिलकीतून देता येत असे. ज्याच्याकडे ना ईमेल आहे ना पतपत्र, अशा भारतीयाला ‘अपूर्ण वापरकर्ता’ न मानणारी ही रचना होती. तिचे हे वेगळेपण वादातीत आहे.

तथापि हा प्रयत्न प्रणाली म्हणून टिकला नाही. २०१६ नंतर चिनी कंपन्यांच्या फोनांनी बाजार व्यापला आणि ज्या भारतीय कंपन्यांच्या फोनवर इंडस उभे होते त्यांचाच पाया खचला. २०१४ पासून मूळ ॲण्ड्रॉइडनेच भारतीय भाषा आत्मसात केल्याने ‘भाषा’ हे वेगळेपणही ओसरले. इंडसने मग प्रणालीऐवजी अ‍ॅपच्या दुकानावर लक्ष केंद्रित केले आणि २०१९ मध्ये सॅमसंगशी सहकार्य केले. २०२१ मध्ये फोनपेने ते विकत घेण्याचे पाऊल उचलले. गुंतवणूकदारांतील वादानंतर ते फोनपेकडे गेले आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘इंडस अ‍ॅपस्टोअर’ या रूपात पुन्हा लोकांसमोर आले. बारा भारतीय भाषा, पहिले वर्ष विनाशुल्क नोंदणी आणि अ‍ॅपमधील खरेदीवर स्वतःचे दलाली-शुल्क न घेण्याचे धोरण त्यांनी जाहीर केले.

प्रणालीपासून दुकानापर्यंतचा हा प्रवास बोधप्रद आहे. भाषा ही मोठ्या कंपनीला सहज आत्मसात करता येणारी गोष्ट ठरली. दुकानाचे दार, देयकाची वाट आणि फोनवर आधीपासून बसवलेली जागा या गोष्टी मात्र तिने हातच्या सोडल्या नाहीत. इंडसच्या संस्थापकांनी शेवटी आपले बळ दुकानाकडे वळवले, यातच खरी सत्ता कोठे आहे याचे उत्तर मिळते.

दुकानाचे दार आणि उंबरठ्याची उंची

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी ॲण्ड्रॉइडसंबंधीच्या करारांतील गैरवापराबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा, आणि २५ ऑक्टोबर रोजी प्ले स्टोअरच्या देयक धोरणाबद्दल ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. पहिला दंड अपिलीय न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये कायम ठेवला. पण पर्यायी दुकानांना प्ले स्टोअरमधून वितरित होऊ द्यावे हा निर्देश रद्द केला. दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. दंडाच्या आकड्यांची चर्चा वृत्तपत्रांतून झाली. मराठी विकसकाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो रद्द झालेला निर्देश. देशी दुकान उभे राहिले तरी त्याचा रस्ता मोठ्या दुकानातून जाणार नाही, हे त्याने निश्चित केले.

उंबरठा दुसऱ्या बाजूनेही उंचावला आहे. २०१४ मध्ये ॲण्ड्रॉइड स्टुडिओच्या पहिल्या आवृत्तीला किमान २ जीबी स्मृती पुरत असे. आज किमान ८ जीबी आणि आभासी फोनसह चालवायचे तर १६ जीबी अपेक्षित आहे. एक्लिप्सवर शिकलेल्याला स्टुडिओ शिकावा लागला, जावा शिकलेल्याला २०१७ नंतर कोटलिन, आणि २०२१ नंतर पडदा रचण्याची संपूर्ण नवी पद्धत. अभ्यासमंडळाने पुस्तक निश्चित करावे आणि ते वर्गात पोहोचेपर्यंत त्यातील साधन कालबाह्य व्हावे, ही स्थिती संलग्न महाविद्यालयांतील अध्यापकांना परिचित आहे. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना अ‍ॅप प्रसिद्ध करण्याआधी २० परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी घेण्याची अट आली. डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आणण्यात आली. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने त्याही पलीकडचे पाऊल जाहीर केले. प्रमाणित फोनवर केवळ ओळख पडताळलेल्या विकसकांचीच अ‍ॅप्स बसवता येतील, मग ती दुकानातून घेतलेली असोत वा बाहेरून. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथे आणि २०२७ पासून इतरत्र, असे ते धोरण आहे. टीकेनंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये विद्यार्थी, हौशी विकसक आणि जाणकार वापरकर्ते यांच्यासाठी काही सवलतीही जाहीर झाल्या.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, फसवणुकीच्या अ‍ॅप्समुळे सामान्य माणसाची बँकेतील ठेव नाहीशी होत असताना अशी पडताळणी आवश्यकच आहे. हा आक्षेप सयुक्तिक आहे आणि त्याला ‘स्वातंत्र्य’ हे एका शब्दाचे उत्तर पुरणार नाही. परंतु सुरक्षिततेची गरज मान्य केल्याने, तिचा निर्णय एकाच खासगी कंपनीने घ्यावा, हे आपोआप सिद्ध होत नाही. स्वरचक्रासारखी निर्मिती झाली त्या काळात कोणाच्याही पूर्वसंमतीवाचून प्रयोग करता येत होता. उद्याच्या स्वरचक्राला आधी आपली ओळख, चाचणीकर्ते आणि शुल्क सिद्ध करावे लागणार असेल, तर तो प्रयोग होईल. पण तो ज्यांना परवडेल त्यांच्याकडूनच होईल, ही शक्यता दुर्लक्षिण्यासारखी नाही.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. ॲण्ड्रॉइडच्या आरंभीच्या काळात भाषेचे सारे श्रम मराठी विकसकाकडे होते, परंतु प्रयोगाची मोकळीकही त्याच्याकडेच होती. पुढील काळात प्रणालीने श्रम स्वतःकडे घेतले आणि मोकळीकही.

२. प्रणालीत मराठीचा समावेश आणि मराठी विकसकाचे सामर्थ्य या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरीचे अनुमान काढणे चुकीचे आहे.

३. इंडसचे उदाहरण दाखवते की केवळ भाषेच्या बळावर पर्यायी प्रणाली टिकत नाही. वितरण आणि देयक यांवरील नियंत्रण हाच निर्णायक घटक ठरतो.

४. सुरक्षितता व गोपनीयतेचे नियम आवश्यक असले तरी त्यांतील ‘वापरकर्त्या’ची कल्पना नागरी आहे. ग्रामीण महाराष्ट्रासाठी काम करणाऱ्या विकसकाचा अनुभव त्या नियमांच्या रचनेत पोहोचण्याचा मार्ग आज उपलब्ध नाही.

५. देवनागरीचे संकेतन, मराठी वर्णक्रम, रफाराचे प्रकार आणि लिंगभेदानुसार होणारी वाक्यरचना हे विषय संगणकशास्त्राच्या तसेच मराठीच्या अभ्यासक्रमात एकत्रितपणे शिकवले जाणे निकडीचे आहे. आज ते दोन्ही विभागांच्या मधल्या व्हरांड्यात पडून आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तिचा प्राचीन वारसा सिद्ध करण्यासाठी शिलालेखांचे आणि ग्रंथांचे पुरावे मांडण्यात आले, आणि ते योग्यच झाले. परंतु भाषेचे उद्याचे लेखन शिळेवर होणार नाही. ते हातातील काचेवर होणार आहे, नव्हे, आजच होत आहे. त्या काचेमागील नियम कोण लिहितो आणि ते बदलण्याच्या चर्चेत मराठी जाणणारा विकसक कोठे बसतो, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून भाषेच्या अभ्यासकांना स्वस्थ बसता येणार नाही.